नऊ बुके, एक बादली आणि पंधरा दिवसांवर गणपती : फुलं-पत्री टिकवायची कशी?

सायली_कोथरूड
मंडळी, आई परवा बँकेतून निवृत्त झाली. निरोप समारंभात नऊ बुके, दोन हार आणि एक शाल मिळाली. रिक्षात बुके बसले, आम्ही दोघी कशाबशा कडेला. घरी आल्यावर सगळे डायनिंग टेबलावर मांडले, फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले.

आज तिसरा दिवस. जरबेरांनी माना टाकल्यात. कार्नेशन अशी मिटलीत की जणू उमललीच नव्हती. गुलाब कळीतच वाकले. गुलछडी बरी आहे. शेवंती मात्र ढिम्म, काही झालंच नाही अशी उभी. मी जे जे ऐकलं होतं ते सगळं केलं: एकात डोकेदुखीची गोळी, एकात साखर, एकात रुपयाचं नाणं. साखरवाल्या फुलदाणीचं पाणी सकाळी गढूळ झालं होतं आणि वास... जाऊ दे.

पण बुके हे निमित्त. खरी काळजी पुढे आहे. पंधरा दिवसांवर गणपती, आमच्याकडे गौरीही असतात. गौरीच्या दिवशी मंडईत भाव ऐकून उचललेलं फूल परत ठेवावंसं वाटतं. म्हणून यंदा आधीच्या रविवारी मार्केटयार्डातून एकदम आणायचं ठरवतेय. जरबेरा, गुलछडी, शेवंती, दूर्वा, पत्री, जमल्यास केवडा. पाच-सहा दिवस टिकतील का? फ्रीज एकच आहे आणि त्यातले दोन कप्पे सारणाने आधीच अडवलेत.

उचापती
रुपयाचं नाणं कशाला? फुलांना निवृत्तिवेतन?

डोंबिवली_फास्ट
मीठ घालून बघा. आमच्या शेजारच्या काकू घालतात.

सायली_कोथरूड
त्यांची फुलं टिकतात का?

डोंबिवली_फास्ट
नाही.

मावळातला_मी
सायलीताई, तळेगावच्या बाजूला आमचं पॉलिहाऊस आहे. जरबेरा आणि थोडा गुलाब. जरबेराचं सांगतो, कारण घरोघरी त्याचीच हत्या होते.

जरबेराचा दांडा आम्ही कापत नाही, मुळापासून हिसका देऊन उपटतो. म्हणून टोकाला दोन-तीन सेंटिमीटरचा तपकिरी, कडक भाग राहतो, टाचेसारखा. त्या टाचेतून पाणी नीट वर चढत नाही. घरी आणल्यावर आधी तेवढा भाग धारदार सुरीने उडवायचा. कात्री बोथट असेल तर दांडा चेपतो, म्हणजे पाण्याची नळीच बंद.

दुसरी गोष्ट. दांडा आतून पोकळ आणि बाहेरून लवदार असतो. गळ्यापर्यंत पाण्यात बुडवला की ती लव कुजते आणि पाणी घाण होतं. जरबेराला तीन-चार बोटं पाणी पुरे. रोज बघायचं, कमी झालं तर घालायचं. लोक प्रेमापोटी फुलदाणी काठोकाठ भरतात आणि मग मान पडली म्हणून आम्हाला शिव्या देतात.

फुलावरची प्लास्टिकची टोपी घरी आल्यावर काढायची. पण आधी दोन तास टोपीसकट, दांडा सरळ ठेवून पाणी पिऊ द्यायचं. मऊ पडलेला दांडा वाकडाच ठेवून पाणी दिलंत तर तो वाकडाच ताठ होतो.

फणसाचा_गरा
शेवटचं वाक्य आमच्या घरातल्या एका व्यक्तीला पाठवलं आहे.

रसायन_मास्तर
मावळातल्या मित्राला अनुमोदन. सायली, तुझ्या तीन प्रयोगांचा आणि वरच्या मिठाचा निकाल लावतो. ३१ वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलं आहे, सवय जात नाही.

नाणं: हा उपाय तांब्याच्या नाण्याचा. तांबं जंतूंना मारक म्हणून. आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. त्यातून पाण्यात काही उतरत नाही. बरं, तांब्याचा ढब्बू पैसा असता तरी तो साध्या पाण्यात इतका कमी विरघळतो की फुलाला पत्ताही लागणार नाही.

गोळी: अॅस्पिरिनची असेल तर तिच्याने पाणी किंचित आंबट होतं आणि आंबट पाणी दांड्यातून सहज वर चढतं, हे खरं. पण प्रयोगांत कधी फरक दिसतो, कधी दिसत नाही. मग लिंबू काय वाईट?

साखर: तोडलेल्या फुलाची उपासमार होते. पानं-मुळं गेली, शिधा बंद. म्हणून साखर उपयोगी आहे, गुलछडीच्या शेंड्याच्या कळ्या तिच्यामुळेच उमलतात. पण नुसती साखर म्हणजे जंतूंना भंडारा. ते वाढतात, दांड्याच्या नळ्यांत गाळ धरतात आणि फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. तुझा गढूळ वास तोच.

म्हणून तीन गोष्टी एकत्र हव्यात: अन्न, आम्ल आणि जंतुनाशक. १ लिटर पाण्यात २ चहाचे चमचे साखर, १ चमचा लिंबाचा रस, आणि कपडे धुण्याचं साधं बिनवासाचं ब्लीच पाव चमचा. आधी ब्लीच पूर्ण पाण्यात टाकून ढवळायचं, मग बाकीचं. ब्लीच आणि लिंबू नुसते एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या. तांब्याच्या घंगाळात हे पाणी नको.

मीठ: डोंबिवली_फास्ट यांच्या काकूंनी निकाल दिलेला आहे.

वनिता_ताई
मास्तर, देवाच्या फुलांना ब्लीच? माझ्या सासूबाई असत्या तर तुम्हाला अंगणातूनच परत पाठवलं असतं.

रसायन_मास्तर
देवाला फूल वाहायचं असतं, पाणी नव्हे. तरी मन घेत नसेल तर ब्लीच आणि साखर दोन्ही सोडा. दोन्ही एकदम सोडा, एकटी साखर ठेवू नका. साधं स्वच्छ पाणी, घासलेली बादली, रोज पाणी बदलणं आणि दर दोन दिवसांनी दांड्याचा सेंटिमीटरभर तुकडा उडवणं. ऐंशी टक्के काम यात होतं. ऐंशी हा माझा अंदाज, पेपरात लिहू नका.

हार_गाळा
दादरला आमचा हारांचा गाळा आहे, वडिलांपासून. एक गोष्ट सगळे विसरतात: बादली. तुम्ही फूल धुता, पाणी गाळता, पण बादलीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं की समजायचं, कालची घाण आजच्या फुलात गेली. आम्ही रोज रात्री बादल्या घासून पालथ्या घालतो. ज्या गाळ्यावर बादल्या काळ्या, तिथली गुलछडी घेऊ नका.

आणि गाळ्यावरचं फूल ताजं दिसतं म्हणून फसू नका. आम्ही दिवसभर गोणपाट ओलं ठेवतो, पाणी मारत राहतो. गुलाबाच्या बाहेरच्या डागाळलेल्या पाकळ्या सोलून काढतो, म्हणजे आतला नवा दिसतो. यात लबाडी नाही, धंदा आहे. पण घेताना गुलाब पाकळीवर नाही, देठाशी दाबून बघा. कळीच्या बुडाशी घट्ट लागला तर ताजा. मऊ लागला तर तो आमच्याकडे दोन दिवस राहून आला आहे.

सायली_कोथरूड
हे सोलायचं माहीत नव्हतं! म्हणजे आईच्या बुक्यातले गुलाब...

हार_गाळा
बुक्यातले गुलाब बहुतेक सोललेलेच. बुक्यात शेवटी काय जातं ते विचारू नका.

बे_एरिया_बाई
इथे अमेरिकेत बुक्याबरोबर पुडी येते, पाण्यात टाकायची. मास्तरांनी सांगितलं तेच त्यात असतं: साखर, आम्ल, जंतुनाशक. मी आधी पुडी अर्धीच टाकायचे, उरलेली जपून ठेवायची, आपला स्वभाव. मग कळलं की अर्धी टाकली तर जंतुनाशक कमी पडतं आणि साखर मात्र जंतूंना पुरते. काटकसर अंगाशी.

आणखी एक गंमत. ट्युलिप तोडल्यावरही फुलदाणीत वाढत राहतात, बोटभर तरी, आणि खिडकीकडे वळतात. सकाळी उठून बघावं तर सगळी वर्गातल्या मुलांसारखी बाहेर बघत असतात. आणि डॅफोडिल दुसऱ्या फुलांबरोबर लगेच ठेवायची नाहीत. त्यांच्या दांड्यातून चीक गळतो, त्याने बाकीची फुलं लवकर जातात. काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून चीक गळू द्यायचा, मग पुन्हा न कापता एकत्र करायची.

गणपतीला आम्ही दुकानातली शेवंती आणतो. दूर्वा म्हणून एका वर्षी लॉनमधलं गवत काढलं, नंतर शेजाऱ्याने सांगितलं की आदल्याच आठवड्यात तणनाशक मारलं होतं. बाप्पाला बहुतेक कळलं असावं, मोदक करपले.

उचापती
विघ्नहर्त्याला तणनाशक. हसून हसून पुरेवाट.

वनिता_ताई
सायली, कार्नेशनचं कोणी बोललं नाही. तू डायनिंग टेबलावर ठेवलेस ना बुके? तिथे फळांची परडी आहे का?

सायली_कोथरूड
आहे. केळी आणि सफरचंदं. का?

वनिता_ताई
मग तीच. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी कार्नेशन आणि केळ्यांचा घड एका खोलीत रात्रभर बंद ठेवले होते. सकाळी सगळी मुठी आवळून बसलेली. डेकोरेटरने सांगितलं, पिकणाऱ्या फळातून वायू सुटतो.

रसायन_मास्तर
इथिलीन. पिकं केळं, सफरचंद, आंबा, सगळ्यांतून सुटतो. फळ पिकवतो तोच वायू फुलाला म्हातारं करतो. कार्नेशन सगळ्यांत हळवं, ऑर्किडही. जरबेराला फारसा फरक पडत नाही. म्हणजे गणपतीपुढे पाच फळं मांडाल, त्याच्या शेजारी कार्नेशनची फुलदाणी नको. आणि फुलं फ्रीजमध्ये ठेवायची असतील तर फळांचा कप्पा आधी रिकामा करा.

फणसाचा_गरा
केळीचं पान चालतं, केळ्याचा घड नाही. नोंद केली.

आजोबा_सातारा
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सगळं फ्रीज, ब्लीच, साखर कशासाठी? आमच्या लहानपणी सकाळी उठून परसात जायचं, जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत जे असेल ते परडीत. संध्याकाळी निर्माल्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवस राखलेलं फूल देवाला वाहायचं म्हणजे शिळा भात वाढल्यासारखं. फूल शिळं होतं, देवाला शिळं चालत नाही.

डोंबिवली_फास्ट
आजोबा, परस द्या, फ्रीज सोडतो.

सायली_कोथरूड
आजोबा, तुमचं पटतं. पण तिसऱ्या मजल्यावर राहते, परस म्हणजे ग्रिलमध्ये दोन कुंड्या. त्यातली एक कोरफडीची.

वनिता_ताई
आजोबा, तुमच्याकडेच म्हणत असतील ना की बेल आणि तुळस शिळी होत नाही? आमच्याकडे तर बेलाचं पान धुऊन पुन्हा वाहायलाही हरकत नसते. म्हणजे टिकवायची सोय शास्त्रानेच केली आहे, फक्त जी टिकतात त्यांच्यापुरती.

आजोबा_सातारा
हो, बेल-तुळशीला दोष नाही, हे खरं. हरलो म्हणत नाही, पण मुद्दा घेतला. आता विचारलंच आहे तर जास्वंदीचं सांगतो. जास्वंदीला पाणी लागतच नाही. ते एका दिवसाचं फूल, पाण्यात ठेवा नाहीतर ताम्हनात, संध्याकाळी मिटणारच. टिकवायचं असेल तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. आमच्या सौ. तो डबा फ्रीजमध्ये ठेवतात. सकाळी पूजेआधी बाहेर काढला की डोळ्यादेखत उमलते.

फणसाचा_गरा
आजोबा! फ्रीज!!

आजोबा_सातारा
तो सौ.चा आहे.

फोंड्याची_जाई
आमच्या गोव्यात फुलं तोडल्यावर पाण्यात घालण्यापेक्षा गुंफायची रीत. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, केळीच्या सोपाच्या दोराने गुंफतात. दोर आधी भिजवलेला असतो, तो फुलांच्या देठाशी ओल धरून ठेवतो. सुती दोरा ती ओल उलटी ओढून घेतो. अबोलीला वास नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण केळीच्या पानात बांधून ठेवलेला वळेसर दोन-तीन दिवस केसांत माळता येतो. जाईजुईचं तसं नाही, ती रात्रीची राणी, सकाळी रडवेली.

सुरंगीचं आणखी वेगळं. ती पहाटे उमलायच्या आत काढावी लागते, उशीर झाला की फूल फुटतं आणि वळेसराला उपयोग नाही. पण तिचा वळेसर सुकून तपकिरी झाला तरी वास जात नाही. माझ्या आईने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेला होता. कपाट उघडलं की मार्च महिना.

आणि चतुर्थीला माटोळी असते. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं, फुलं, पानं टांगतात, ती विसर्जनापर्यंत राहायला हवी. तिला पाणी कुठून देणार? म्हणून बहुतेक वस्तू मुळातच टिकाऊ निवडलेल्या: सुपारीचा घड, नारळाची पेंड, कवंडळ. आमचे काका म्हणायचे, माटोळी बांधणाऱ्याला पाणी घालायची पाळी आली तर त्याने रान बघितलेलं नाही.

बे_एरिया_बाई
कपाट उघडलं की मार्च महिना... जाई, रडवलंस.

हार_गाळा
वळेसराला +१. मोगऱ्याचं आमच्याकडे उलटं. गजऱ्याला पाणी लागलं की पाकळीवर तपकिरी डाग. लग्नात बायका गजऱ्यावर पाणी शिंपडतात ते बघवत नाही. मोगरा घ्यायचा दुपारी, टपोरी मिटलेली कळी. कोरडाच स्टीलच्या डब्यात, वर ओलसर फडकं, पण फडकं फुलाला टेकता कामा नये. थंड जागी. संध्याकाळी आपोआप उमलतो.

नागपुरी_संत्रं
एक विचारू का? तुम्ही सगळे गुलछडी गुलछडी काय म्हणताय, ते निशिगंध ना? आमच्याकडे रजनीगंधा म्हणतात.

सायली_कोथरूड
मंडईत गुलछडी, कवितेत निशिगंध.

नागपुरी_संत्रं
आणि पानाच्या टपरीवर रजनीगंधा. समजलं.

मावळातला_मी
ती एकच. घेताना बघा: एकेरी पाकळीची हारात आणि सुटी विकायला, दुहेरी भरगच्च पाकळीची छडी फुलदाणीला. गौरीपुढे उभी करायला दुहेरीच घ्या. खालची दोन-तीन फुलं उमललेली, वरच्या कळ्या फुगीर, अशी छडी आणा. ती खालून वर उमलत जाते. खालचं फूल पिवळं पडलं की लगेच खुडायचं, दया करायची नाही.

स्वयंपाकघर_क्र_७
अवांतर आहे पण हिरव्याचा धागा आहे म्हणून. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी करायची, वरून पिशवीची सैल टोपी, फ्रीजच्या दारात. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. माझी दहा दिवस टिकते.

डोंबिवली_फास्ट
माझी दहा मिनिटं. बायको मिसळ करते.

वनिता_ताई
हे दूर्वांना मात्र करू नका. दूर्वा पाण्यात उभ्या केल्या की बुडाशी काळ्या पडतात. दूर्वा आणल्या की धुवायच्या नाहीत. आधी निवडायच्या, पिवळी पाती काढायची, २१च्या जुड्या बांधून ठेवायच्या, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. वाहायच्या वेळी धुवायच्या. आठवडा आरामात जातो. धुऊन ठेवल्या की तिसऱ्या दिवशी डब्यात शेवाळ्याचा लगदा. हे मी एकदा तीनशे दूर्वांवर शिकले, संकष्टीच्या आदल्या रात्री.

रसायन_मास्तर
कोथिंबिरीला मूळ असतं, ती पाणी पिते. दूर्वा खुडलेली, तिच्यात फक्त सुकणं थांबवायचं आहे. वनिताताईंनी सूत्र न लिहिता सिद्धांत मांडला.

कोकणकन्या_८९
गौरीचा विषय निघाला आणि तेरडा कोणी काढला नाही! आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याचीच रोपं, मुळांसकट. तेरड्याचा दांडा नुसता पाण्याने भरलेला, उन्हात दहा मिनिटांत मान टाकतो. पण मुळं ओल्या फडक्यात बांधून सावलीत ठेवलीत तर तासाभरात पुन्हा ताठ. मुळं झाडलीत तर गेला.

उचापती
तेरड्याचा रंग तीन दिवस. गौरीही तीन दिवस. पूर्वजांनी हिशेब लावूनच ठेवला होता, आपण उगाच ब्लीच मोजतोय.

कोकणकन्या_८९
हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा मुलगा कोणाचा?

पुष्परचना_वर्ग
मी पुष्परचनेचे वर्ग घेते, दोन समजुती दुरुस्त करू द्या.

एक, तिरका काप. सगळे सांगतात की तिरका कापला की जास्त पाणी शोषलं जातं. तितका फरक नसतो. तिरका कापायचा कारण सपाट कापलेला दांडा फुलदाणीच्या तळाला चिकटून बसतो आणि तोंड बंद होतं. गुलाब मात्र पाण्याखाली कापा. हवेत कापला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, पाणी तिथेच अडतं आणि मान वाकते. सायली, तुझे वाकलेले गुलाब फेकले नसशील तर दांडा पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर कापून अख्खा गुलाब कोमट पाण्याच्या टबात आडवा बुडवून ठेव. तासाभराने बघ.

दोन, फ्रीज सगळ्यांना मानवत नाही. गुलाब-कार्नेशनला थंडी आवडते. व्यापारी शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात. पण ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण मुलखातले. त्यांना १० अंशांखाली ठेवलं तर काळपट डाग पडतात. ती आपली बाथरूममध्ये बरी.

आणि टोपलीतल्या बुक्यात जो हिरवा फोम असतो तो एकदा सुकला की पुन्हा पाणी धरत नाही. पहिल्या रात्रीच त्यात पाणी घालायला हवं होतं. तो फोम प्लास्टिकच आहे. कुंडीत चुरून टाकू नका, कचऱ्यात जाऊ द्या.

सायली_कोथरूड
गुलाब टबात घातले. आठपैकी पाचांनी माना वर केल्या! आई आंघोळीला गेली आणि ओरडत बाहेर आली.

ग्लॅड_राजा
ग्लॅडिओलस आडवे नेऊ नका एवढंच सांगायला आलो. मी एकदा गाडीच्या डिकीत आडवे टाकले आणि रात्रभर विसरलो. सकाळी सगळ्यांचे शेंडे वर वळलेले, हॉकी स्टिकसारखे. ते परत सरळ होत नाहीत. स्टेजवर पाहुण्यांना हॉकी स्टिक दिल्या.

महाबळेश्वरी
हायड्रेंजियासाठी कोणाला हवं असेल तर तुरटी. दांडा कापला की टोक लगेच तुरटीच्या पुडीत बुडवायचं, मग पाण्यात. तरी सुकलं तर अख्खा गुच्छ पालथा पाण्यात बुडवा, ते फुलातूनही पाणी पितं.

रसायन_मास्तर
तुरटीला आधार आहे. व्यापारी द्रावणांत अॅल्युमिनियम सल्फेट वापरतात, तुरटी त्याचीच बहीण. पाणी आंबट करते आणि गाळ खाली बसवते. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायच्या तेच.

*(तीन आठवड्यांनी)*

सायली_कोथरूड
धागा वर काढते, कारण हिशेब द्यायचा आहे.

रविवारी पहाटे साडेपाचला मार्केटयार्ड गाठलं. हार_गाळा यांनी सांगितल्याप्रमाणे बादल्यांच्या भिंतींवरून बोट फिरवत चालले होते. एकाने विचारलं, ताई, महापालिकेतून आलात का? तिसऱ्या गाळ्याची बादली स्वच्छ निघाली, तिथेच घेतलं.

जरबेराच्या दहाच्या चार गड्ड्या. टाच कापली, तीन बोटं पाणी, खोली अंधारी. गौरीच्या दिवशी ४० पैकी २९ ताठ होत्या. ११ गेल्या त्या एकाच बादलीतल्या. मामेभावाने मदत म्हणून ती गळ्यापर्यंत भरली होती. मावळातला_मी, तुमची क्षमा मागायला तो तयार आहे.

गुलछडी मास्तरांच्या पाण्यात. खरंच शेंड्यापर्यंत उमलली, विसर्जनाच्या रात्रीही वास होता. देवघरातली साध्या पाण्यात ठेवली होती, तिच्या वरच्या चार-पाच कळ्या तशाच सुकल्या. दूर्वा वनिताताईंच्या पद्धतीने, सातव्या दिवशी हिरव्यागार. केवडा त्याच्याच बाहेरच्या पानांत, वरून ओलं वर्तमानपत्र, ठीक राहिला, पण सारणाला केवड्याचा वास लागला. सगळ्यांनी कौतुक केलं, मी काही बोलले नाही. शमी फसली. पानं गळून डब्यात नुसत्या काड्या. ती आदल्या दिवशीच आणायची.

वनिता_ताई
शमीचं कोणाकडेच जमत नाही. मी तर शेजाऱ्यांच्या झाडावर डोळा ठेवून असते.

उचापती
आणि निवृत्तीचे बुके?

सायली_कोथरूड
शेवंती सतराव्या दिवशी काढली. तीसुद्धा आईने, मी नाही. ती ज्यात होती तो बुके कोणी दिला हे आठवायला आम्ही अर्धा तास फोटो बघत होतो. कळलं नाही. सगळ्यांत मोठा, टोपलीवाला तिसऱ्या दिवशीच गेला होता, त्याच्यावर मात्र नाव ठळक होतं.

आता दसरा. झेंडू दोन दिवस आधी घेतला तर राहील का? गेल्या वर्षी पिशवीत ठेवला होता, तोरण करायला काढला तर मधली फुलं उकडल्यासारखी.

हार_गाळा
उकडलीच होती. झेंडू ढिगात श्वास घेतो, ढीग आतून तापतो. त्यात पाणी मारलेलं असेल तर एका रात्रीत कुजतो. घरी आणल्याबरोबर पिशवीतून काढून जमिनीवर कागद टाकून एका थरात पसरा. पाणी अजिबात नाही. तोरण आदल्या रात्री.

आणि घेताना वरची फुलं बघू नका, वरची सगळ्यांचीच चांगली असतात. गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर पुढच्या गाळ्यावर जा. गाळा आमचा असला तरी.